हातगुण

आमच्या घरातला प्रत्येक बल्ब माझ्याच हातून उडाला. म्हणजे उडण्याच्या क्षणी बटणावर बोट माझं असायचं, गुन्हा एवढाच. दिवेलागणीला आजी म्हणायची, "अरे, दिवा लाव." मी बटण दाबायचो. 'टिक्' असा बारीक आवाज व्हायचा, खोलीत क्षणभर निळसर उजेड पडायचा आणि पाठोपाठ अंधार. मग त्या अंधारातून आजीचा आवाज यायचा : "ह्याच्या हाताला गुण नाही."

वडील स्टुलावर चढून धोतराच्या सोग्याने बल्ब काढायचे आणि कानाशी धरून हलवायचे. आत तुटलेली तार किणकिणली की माझ्याकडे बघायचे. बोलायचे काही नाहीत. त्यापेक्षा बोललेले बरे, असं ते बघणं. धाकटी बहीणही तीच बटणं दाबायची, पण तिच्या हातून कधी काही उडालं नाही. दिवे लावायचं काम थोरल्याचं आणि दिवे विझवायचं धाकटीचं, अशी आमच्याकडे वाटणी होती, हे कोणी लक्षात घेतलं नाही. मीही घेतलं नाही. हाताला गुण नसतो म्हणजे नसतो, असं धरून मी पुढे चाळीसेक वर्षं काढली. लग्नात समई पेटवायची वेळ आली तेव्हासुद्धा मी मागे सरकलो होतो.

या खटल्याच्या फेरतपासणीचं काम निघालं ते त्याच धाकट्या बहिणीच्या मुलीमुळे. ती अकरावीला आहे. सुटीत आमच्याकडे डोंबिवलीला आली ती कॉलेजचा प्रकल्प घेऊनच : 'विद्युत घटकांचा रोध स्थिर असतो का? चाचणी करा.'

"मामा, तू सायन्सला होतास ना?"

होतो. तिथून कॉमर्सला कसा आलो हे तिला सांगायची गरज नव्हती.

रोध म्हणजे रेझिस्टन्स. रोध आणि विरोध या दोन शब्दांवरून घरच्या मंडळींबद्दल जो विनोद सुचतो तो मी इथे करणार नाही. आमच्या फिजिक्सच्या सरांनी तो अकरावीत केला होता, बारावीतही केला होता, आणि आम्ही दोन्ही वेळा हसलो होतो, कारण प्रॅक्टिकलचे गुण त्यांच्या हातात होते.

ओहमचा नियम मला अजून पाठ आहे. वाहकाची भौतिक स्थिती बदलली नाही, तर त्यातून वाहणारी धारा त्याच्या टोकांमधल्या विभवांतराच्या प्रमाणात असते. एकाला दुसऱ्याने भागलं की रोध मिळतो, आणि तो कायम. यातला 'भौतिक स्थिती बदलली नाही तर' हा तुकडा आम्ही आरतीतल्या मधल्या कडव्यासारखा म्हणायचो. सुरुवात ठणठणीत, शेवट त्याहून ठणठणीत, मधे नुसती गुणगुण. सगळी गंमत त्या गुणगुणीतच आहे, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

बारावीच्या परीक्षेत मला नेमका हाच प्रयोग आला होता. लाकडी रिळावर गुंडाळलेली तांब्याची तार, अ‍ॅमीटर एकसर, व्होल्टमीटर समांतर, रिओस्टॅट, आणि पितळी खुंटीची ती 'की'. नियम असा, की रीडिंग घेण्यापुरती खुंटी बसवायची आणि लगेच काढायची. मी ती बसवली आणि शेजारच्या टेबलावरचा खोडरबर मागायला गेलो. खोडरबर मिळायला वेळ लागला, कारण त्याच्या बदल्यात शेजाऱ्याला सूत्र हवं होतं. तोवर तार निवांत तापत बसली. तांबं दहा अंश तापलं की त्याचा रोध जवळजवळ चार टक्क्यांनी चढतो. माझे ठिपके आलेखाच्या कागदावर आधी सरळ चालले आणि मग दारू प्यायल्यासारखे एका बाजूला कलले.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "ओहमचा नियम माहीत आहे का?"

"हो सर."

"मग हे काय आहे?"

ते जे होतं ते खरं तर फार सुंदर काहीतरी होतं. तापलेल्या तांब्यानं स्वतःच्या हातानं दिलेला जबाब होता तो. पण मी तोच मागून आणलेला खोडरबर वापरला, शेवटचे तीन ठिपके पुसले, पट्टी ठेवली आणि रेघ मारली. परीक्षकांनी मान डोलावली. आमच्या लॅबमधल्या शिपाईकाकांना तर कुठल्या रिळाचं उत्तर किती येतं ते तोंडपाठ होतं. प्रयोग हा उत्तरापासून उलटा मागे करायचा प्रकार आहे, ही माझी समजूत त्या दिवशी पक्की झाली.

भाचीची समजूत वेगळी होती. तिला खरोखर मोजायचं होतं.

सामान आणायला आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. सरकारदरबारी तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावानं पत्ता विचारलात तर तिथले दुकानदारच तुम्हाला स्टेशनकडे परत पाठवतील. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. दुकान म्हणजे भिंतीतलं एक कपाट होतं आणि कपाटात शेकडो खण. भाची म्हणाली, "शंभर ओहमचे रेझिस्टर द्या." दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "पाव की अर्धा?"

मला क्षणभर वाटलं, आपण चुकून किराण्याच्या दुकानात शिरलो. पाव म्हणजे पाव वॉट. त्यापेक्षा जास्त शक्ती त्यातून गेली की तो प्रमाणाबाहेर तापतो. आम्ही पाव घेतले. तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे, त्यावर रंगीत पट्टे : तपकिरी, काळा, तपकिरी आणि शेवटी सोनेरी. पहिल्या तिघांचा अर्थ शंभर. सोनेरीचा अर्थ पाच टक्के इकडेतिकडे, म्हणजे पंच्याण्णव ते एकशे पाच यातलं काहीही शंभर समजावं. कारखान्यानं असं आधीच कबूल करून अंगावर सोन्याचा पट्टा बांधून घेतलेला मला फार आवडला. आमच्या पिढीतल्या लग्नाळू मुलांच्या पगाराला असा पट्टा असता तर पुष्कळ घरांतली भांडणं टळली असती.

सोबत सहा व्होल्ट, तीन वॉटचा छोटा बल्ब, दोन-चार लाल एलईडी, एक थर्मिस्टर, एक एलडीआर आणि पिवळा मल्टीमीटर. मल्टीमीटर मी निवडला. पिवळा म्हणून.

घरी आल्यावर मी मामा या नात्यानं सूत्रं हातात घेतली. इस्त्री प्लगमधून काढली, मीटर रोधावर फिरवला, काळी-लाल टोकं तिच्या पिनांना लावली आणि पडद्यावर वाचून जाहीर केलं, "एक. एक ओहम!"

भाचीनं मीटर बघितला. डाव्या कडेला एकटाच १ उभा होता. "मामा, तो एक नाहीये. मीटर सांगतोय की माझ्या आवाक्याबाहेर आहे. इस्त्रीचं बटण बंद आहे, आतली जोडणीच तुटलेली आहे. हा अनंत आहे."

एक आणि अनंत यांत फरक नाही, असं आमच्या संतांनी सांगून ठेवलंय, असं मी म्हणून बघितलं. तिनं चकती फिरवून इस्त्री 'कॉटन'वर नेली. मीटर म्हणाला एकोणसत्तर. इस्त्रीवर छापलेलं ७५० वॉट. २३० व्होल्टचा वर्ग करून साडेसातशेनं भागलं तर येतात साधारण साडेसत्तर. म्हणजे थंड असताना एकोणसत्तर, कपडे भाजण्याइतकी तापली तरी सत्तर-एकाहत्तर. आतली तार नायक्रोमची, निकेल आणि क्रोमियमची. तापून लाल झाली तरी ही बाई बोलण्यात फरक पडू देत नाही. तिच्याहून सोवळा एक मिश्रधातू आहे, साधारण पंचावन्न टक्के तांबं आणि पंचेचाळीस टक्के निकेल. त्याचं नावच कॉन्स्टंटन. शांताराम नावाचा माणूस खरोखर शांत निघावा, तसा हा प्रकार आहे.

शंभरवाला रेझिस्टरही सज्जन निघाला. भाचीनं एक सेल लावला, मग दोन, तीन, चार. दर वेळी व्होल्ट आणि अँपिअर लिहून भागाकार केला. उत्तर अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवच्या बाहेर पडलं नाही. चार सेलांना मी त्याला कौतुकानं चिमटीत धरला आणि बोट भाजून घेतलं. हिशेब केला तेव्हा कळलं, त्या पाव वॉटवाल्याच्या अंगातून आम्ही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वॉट काढत होतो. तरीही तो अठ्ठ्याण्णववरच. अशा माणसाला ऑफिसात लोक रविवारी पण बोलावतात.

पुढची मंडळी मात्र एकेक नग होती. लाल एलईडीला एक सेल लावला, ढिम्म. मीटरवर धारा जवळजवळ शून्य. दोन सेल लावले तेव्हा लखकन पेटली. पावणेदोन-दोन व्होल्टच्या खाली ती ऐकूनच घेत नाही आणि त्याच्या वर गेलं की थांबवता येत नाही. म्हणून तिच्यासोबत एकसर रेझिस्टर लावायचा असतो. मी भाचीचं न ऐकता एक एलईडी तशीच दोन सेलांना जोडली. अतिशय सुरेख पेटली, मग मलूल झाली, मग गेली. स्वयंपाकघरातून आवाज आला, "तुम्ही लावली होती का?" हाताची कीर्ती बायकोपर्यंतही पोचलेली आहे.

उलट्या बाजूनं लावली तर एलईडी कितीही सेलांना... बरं, कितीही नाही, चार सेलांपर्यंत तरी काहीच करत नाही. मला हे उलटसुलट प्रकरण लवकर कळेना. भाची म्हणाली, "मामा, संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर गर्दीच्या उलट दिशेनं चढून बघ." लगेच कळलं. अशा घटकाचा रोध किती, हा प्रश्नच फसवा आहे. कुठल्या वेळी आणि कुठल्या दिशेनं, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

थर्मिस्टर म्हणजे दोन तारांच्या टोकाला काळा थेंब. टेबलावर त्याचा रोध दहा हजार ओहमच्या आसपास. मुठीत धरला तर सातेक हजारांवर आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून चहात बुडवला तर दोन हजारांच्याही आत. तांबं तापलं की आडमुठं होतं, हा तापला की मऊ पडतो. ताप मोजायच्या डिजिटल थर्मामीटरच्या टोकात असाच एक थेंब बसलेला असतो; रोध बदलतो, हाच त्याचा धंदा. एलडीआरचंही तसंच, फक्त उजेडानं. त्यावर हात धरला की लाखांत, टॉर्च मारला की शेकड्यांत. रस्त्यावरचे दिवे अंधार पडल्यावर आपोआप लागतात ते अशा चंचल मंडळींच्या भरवशावर. चहा मात्र मला पिऊ दिला नाही.

मधल्या वेळात भाचीनं आपल्या घराण्याचीही चाचणी घेतली. मीटरची दोन टोकं दोन हातांच्या चिमटीत धरायची, मीटर फक्त आतल्या बॅटरीवर चालतो, त्यामुळे झटक्याची भीती नाही. माझा रोध आला काही लाख ओहम. बायकोनं भांडी घासून झाल्यावर ओल्या हातानं धरलं तर आकडा धाडकन हजारांत उतरला. मी बोटं ओली करून बघितली, माझाही उतरला. 'ओल्या हातानं बटणाला हात लावू नकोस' या आजीच्या ओरडण्याला एवढा भक्कम आकडा होता आणि तो आम्हाला कोणी दाखवला नाही, नुसती धपाटीच दाखवली.

माणसालाच मीटर बनवायची कल्पना मात्र आमच्या भाचीची नव्हे. इंग्लंडात हेन्री कॅव्हेंडिश नावाचा गडगंज श्रीमंत आणि माणूसघाणा शास्त्रज्ञ होता. ओहमच्या जन्माआधीच तो मिठाच्या पाण्याच्या नळ्यांतून स्वतःच्या अंगात विजेचे झटके घ्यायचा आणि कुठला झटका जास्त लागला यावरून रोधांची तुलना करायचा. यातून तो ओहमच्या नियमाच्या अगदी दाराशी पोचला होता, पण छापलं काही नाही. ते कागद पुढे मॅक्सवेलनं १८७९ साली प्रसिद्ध केले. ज्या माणसाला कोणी भेटायला आलेलं चालत नसे, त्यानं निष्कर्ष तरी का सांगावेत?

आणि खुद्द ओहम? गेओर्ग झिमॉन ओहम, जन्म १७८९, गाव एरलांगेन, बाप कुलूप-किल्ल्या करणारा. त्यामुळे लेकाला हत्यारं चालवता येत होती आणि उपकरणं तो स्वतःच करायचा. कोलोनच्या शाळेत मास्तरकी करता करता त्यानं तारांवर प्रयोग मांडले. तेव्हाच्या बॅटऱ्या जोडल्याबरोबर ढेपाळायच्या. १८२५ साली त्यानं पहिला निबंध छापला, त्यात जे सूत्र होतं ते चुकीचं निघालं. हे ऐकून मी भाचीला पुन्हा वाचून दाखवायला लावलं. ओहमला पहिल्या खेपेला ओहमचा नियम आला नव्हता! आमच्या लॅबमध्ये असता तर शिपाईकाकांनी त्याला कोणाचं तरी जर्नल काढून दिलं असतं.

तिथे शिपाईकाका नव्हते म्हणून बिचाऱ्याला पुन्हा प्रयोग करावे लागले. पोगेनडॉर्फ नावाच्या शास्त्रज्ञानं सुचवलं, बॅटरी सोड, दोन धातूंच्या जोडापासून वीज घे. मग ओहमनं तांबं आणि बिस्मथ जोडलं, एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. जोवर पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर वीज एकसारखी. एकीकडे जाळ, एकीकडे बर्फ आणि मधे तारा बदलत बसलेले मास्तर. 'भौतिक स्थिती बदलली नाही तर' हा जो तुकडा आम्ही गुणगुणत गिळायचो, त्याच्यासाठी त्या माणसानं एवढा खटाटोप केला होता. १८२७ साली त्याचं पुस्तक आलं. देशात कोणी फारशी किंमत दिली नाही, नोकरीही सोडावी लागली. लंडनच्या रॉयल सोसायटीनं कोप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये, आणि म्युनिकला हवी होती ती प्राध्यापकी मिळाली १८५२ मध्ये. १८५४ मध्ये तो वारला. दोन वर्षांची नोकरी, त्यात काय पेन्शन बसणार.

आता बल्ब. तो मी मुद्दाम शेवटी ठेवलाय.

लहान बल्ब आधी नुसता मीटरवर धरला, थंड. रोध दीड ओहम. मग एक सेल लावला. तार मंद तांबूस झाली, भागाकार आला सव्वासहा. दोन सेल, पिवळसर उजेड, भागाकार पावणेनऊ. चार सेलांना बल्ब लख्ख पेटला आणि उत्तर आलं पावणेबारा. भाचीनं ठिपके मांडले. रेघ सुरुवातीला ताठ चढली आणि मग वाकत वाकत आडवी होऊ लागली. माझ्या हाताला सवयीनं खोडरबर लागला. तिनं तो काढून घेतला.

"मामा, हे बरोबर आहे. तार तापते म्हणून रोध वाढतो. हेच तर दाखवायचंय."

मला एकदम माझे ते तीन ठिपके आठवले.

मग मी माळ्यावर चढलो. आता घरभर एलईडी असले तरी वडिलांनी जपून ठेवलेला एक खोका तिथे आहे, त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले साठ वॉटचे दोन बल्ब. वर्तमानपत्रावरचा पंतप्रधान दोन पंतप्रधानांपूर्वीचा. एक बल्ब मीटरवर धरला : पासष्ट ओहम. भाचीनं हिशेब केला आणि गप्प झाली. मी विचारलं, "काय झालं?"

"याप्रमाणे हा बल्ब आठशे वॉटचा आहे."

आम्ही दोघं त्या बल्बकडे बघत राहिलो. वरच्या बाजूला ६० छापलेलं स्वच्छ दिसत होतं. कोणाचं तरी चाळीस वर्षांचं वीजबिल चुकलं की काय, असं मला वाटून गेलं. पण तसं नाही. पूर्ण पेटलेला असताना या बल्बचा रोध ८८० ओहमच्या पुढे असतो, कारण आतली टंगस्टनची तार तेव्हा अडीच हजार अंशांच्या आसपास तापलेली असते. थंड असताना तोच रोध पासष्ट. म्हणजे बटण दाबल्याच्या पहिल्या निमिषात, तार तापायच्या आत, नेहमीच्या तेरापट धारा तिच्यातून धावते. तेवढ्या निमिषापुरता तो खरोखरच आठशेचा असतो.

"आणि रोज पेटून पेटून टंगस्टन उडत असतं," भाची म्हणाली, "काच आतून काळी पडते ना, ते तेच. त्यामुळे तार कुठेतरी बारीक होते. बटण दाबलं की ती बारीक जागा सगळ्यात आधी, सगळ्यात जास्त तापते आणि तुटते. म्हणून हे बल्ब बहुतेक वेळा लावतानाच जातात."

मी स्टुलावरच बसलो. "पुन्हा सांग."

तिनं पुन्हा सांगितलं. लावतानाच जातात. विझवताना नाही. लावणाऱ्याचा संबंध नाही, धाकटीच्या हाताचा नाही, थोरल्याच्या हाताचा नाही. त्या तारेचे दिवस आधीच भरलेले असतात, बोट फक्त शेवटी तिथे असतं. आजी आता नाही. पण वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे, बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत होते. मी बल्ब, मीटर, आलेखाची वही आणि भाची असा सगळा पुरावा घेऊन त्यांच्यासमोर गेलो. भाचीनं सगळं पहिल्यापासून समजावलं : पासष्ट, ८८०, तेरापट, बारीक झालेली तार. वडिलांनी चष्मा लावून आलेख बघितला, वाकलेल्या रेघेवरून बोट फिरवलं. बल्ब कानाशी धरून हलवला, जुन्या सवयीनं. किणकिणला नाही. समाधानानं त्यांनी तो पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला.

"आलं लक्षात," ते म्हणाले. "शास्त्र बरोबर आहे. पण बटण कोणी दाबलं होतं?"